सामुदायिक महाविद्यालये आणि आतिथ्य-व्यवस्थापनाचे शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
स्वयंपाक, वाढप आणि पाहुण्यांची सरबराई ही कामे दीर्घकाळ औपचारिक शिक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली. हॉटेलातील कामगार उमेदवारी करूनच काम शिकत असे. या कामांना महाविद्यालयात स्थान कसे मिळाले आणि त्यामुळे शिकणाऱ्याची पुढील वाट कितपत मोकळी झाली, याचा विचार प्रस्तुत निबंधात प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात केला आहे.

दोन प्रवाह :
स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ मध्ये हॉटेल-शिक्षणाची संस्था सुरू झाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हॉटेल-व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम आरंभिला. दुसरीकडे १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट कनिष्ठ महाविद्यालय अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी स्थापन झाले. विद्यापीठीय शिक्षणाची पहिली दोन वर्षे गावातच पूर्ण करता यावीत, हा त्याचा मूळ हेतू होता. व्यवसायशिक्षणाचे महत्त्व तेथे पुढे वाढत गेले.

हे दोन प्रवाह सॅन फ्रान्सिस्कोत एकत्र आले. तेथील सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय १९३५ मध्ये, महामंदीच्या काळात स्थापन झाले आणि १९३६ मध्ये तेथे हॉटेल व उपाहारगृह विषयक अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यापीठाचा खर्च न झेपणाऱ्या तरुणांस हा विषय सार्वजनिक संस्थेत शिकता येऊ लागला, हे या घटनेचे महत्त्व होय.

विस्तार आणि आक्षेप :
१९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अल्प खर्चाच्या सामुदायिक महाविद्यालयांचा पुरस्कार केला. मात्र समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये वेगळे वास्तव मांडले. पदवीची आकांक्षा धरून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना या संस्था हळूहळू अल्प मुदतीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळवितात, असे त्यांचे निरीक्षण होते. आतिथ्य-शिक्षणालाही हा प्रश्न लागू पडतो. दोन वर्षांचे शिक्षण ही पदवीची पायरी ठरते की तेथेच वाट संपते?

भारतीय संदर्भ :
मुंबईत १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने खाद्यव्यवस्थेचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. तिचा उगम हॉटेल-उद्योगापेक्षा अन्नटंचाईच्या चिंतेत अधिक होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने सामुदायिक महाविद्यालयांची योजना बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७) आणली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, अभ्यासक्रमात समावेश झाल्याने कामास शैक्षणिक मान्यता मिळते; परंतु शिकणाऱ्यास प्रतिष्ठा मिळेलच असे नाही. ज्या देशात अन्न कोणी शिजवावे व कोणाच्या हातचे खावे हे जातीने ठरविले, तेथे तर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. म्हणून दोन वर्षांत मिळविलेले श्रेयांक पदवीसाठी ग्राह्य धरले जाणे, ही या शिक्षणाची खरी कसोटी होय.