निजामशाहीतील आफाकी व हबशी

अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाही राज्यात १४९० ते १६३६ या काळात इराण, इराक, तुर्कस्तान व ॲबिसिनिया (आताचा इथिओपिया) या देशांतून येऊन स्थायिक झालेले परदेशी लोक. तत्कालीन फार्सी ग्रंथांत पश्चिम व मध्य आशियातून आलेल्यांना ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ आणि आफ्रिकेतून आलेल्यांना ‘हबशी’ म्हटले आहे. ‘आफाक’ म्हणजे क्षितिजे. तेव्हा आफाकी म्हणजे क्षितिजापलीकडून आलेला. ‘गरीब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थही परका, परमुलखातला असाच आहे. मराठीत त्याला निर्धन हा अर्थ आला. दरबारातील आफाकी मात्र बहुधा निर्धन नव्हते. त्यांच्याविरुद्ध असलेला पक्ष ‘दक्षिणी’ या नावाने ओळखला जाई. त्यात येथे जन्मलेले मुसलमान प्रामुख्याने होते. हबशी लोक सागरापलीकडूनच आलेले असूनही सामान्यतः दक्षिण्यांच्या बाजूस असत, ही या इतिहासातील विचार करण्याजोगी गोष्ट होय.

हा पक्षभेद निजामशाहीला बहमनी राज्याकडून वारशाने मिळाला. बहमनी सुलतानांनी इराणी व तुर्की माणसांना मोठ्या जहागिरी दिल्या आणि त्यामुळे देशी सरदार दुखावले गेले. मूळचा गीलानचा असलेला वझीर महमूद गावान याला १४८१ मध्ये देहान्त शासन झाले. त्यामागील कारस्थानात दक्षिणी पक्षाचा प्रमुख मलिक हसन बहरी याचा हात होता. हा मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातील असल्याचे फिरिश्ता सांगतो. त्याचाच मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापिले आणि सीना नदीकाठी भिंगारजवळ अहमदनगर वसविले. म्हणजे ज्या राज्यात पुढे आफाकींचा एवढा बोलबाला झाला, त्याचा संस्थापक दक्षिण्यांचा पुढारी असलेल्या घराण्यातील होता.

परदेशातून येणाऱ्याचा मार्ग सामान्यतः समुद्राचा असे. होर्मुझहून किंवा तांबड्या समुद्रातील बंदरांतून निघालेली गलबते चौल, दाभोळ व गोवे येथे लागत. चौल हे निजामशाहीचे प्रमुख बंदर. तेथून घाट चढून जुन्नर व पुढे अहमदनगर गाठावयाचे. पावसाळ्यात समुद्र बंद राहात असल्याने आलेल्या माणसाला निदान काही महिने येथेच काढावे लागत. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये, म्हणजे निजामशाहीच्या स्थापनेपूर्वी, याच वाटेने चौलहून जुन्नरला आला. तेथील अधिकाऱ्याने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्मांतर केल्यास तो परत देऊ, असे बजावले. अखेर एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा निकितिनचा घोडाही सुटला आणि धर्मही राहिला. नवख्याला आधार देणारा माणूस बहुधा त्याच्या आधी आलेला दुसरा परदेशीच असे. त्याच्या ओळखीने नोकरी, नोकरीतून जहागीर आणि जहागिरीतून पुढे आप्तेष्टांना बोलावून घेण्याची ऐपत, असा हा क्रम होता. आफाकींचा स्वतंत्र गट का टिकून राहिला, याचे एक उत्तर या क्रमातच सापडते.

आफाकींपैकी सर्वांत प्रभावी ठरलेला पुरुष शाह ताहिर हुसैनी हा होय. तो इस्माइली इमामांच्या एका शाखेतील असून काशान येथे अध्यापन करीत असे. त्याच्या वाढत्या अनुयायीवर्गामुळे इराणचा शाह इस्माईल याची गैरमर्जी झाली आणि जिवाच्या भीतीने १५२० मध्ये त्याने कुटुंबासह देश सोडला. गोवे व विजापूर येथे त्याला फारसा आश्रय मिळाला नाही. परांडा येथे असताना त्याच्या विद्वत्तेची कीर्ती बुऱ्हाण निजामशाहाच्या (कार. १५१०–५३) कानी गेली आणि १५२२ मध्ये तो अहमदनगरला आला. किल्ल्यात तो विद्यार्थ्यांना पाठ देई आणि स्वतः सुलतान ते ऐकावयास बसे. राजपुत्र अब्दुल कादिर याच्या दुखण्यातून झालेल्या सुटकेचा संबंध शाह ताहिरच्या प्रार्थनेशी जोडला गेला आणि बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथाला राजधर्माचा दर्जा दिला. चमत्काराची कथा बाजूस ठेवली, तरी या निर्णयामागे राजकारणही होते, असे म्हणावयास हरकत नाही. शिया पंथामुळे इराणच्या दरबाराशी निजामशाहीचा संबंध जडला आणि नगरला येऊ पाहणाऱ्या इराणी विद्वानांना व शिपायांना दार मोकळे झाले. दरबारातील सुन्नी सरदारांना मात्र हा बदल रुचला नाही आणि त्यांपैकी काहींनी उघड विरोध केला.

शाह ताहिरने सुमारे पाव शतक अहमदनगरात काढले. शेजारच्या राज्यांशी झालेल्या अनेक वाटाघाटींत तो निजामशाहाचा वकील होता. त्याची भावंडेही येथे आली. इतके सारे होऊनही मृत्यूनंतर त्याचे अवशेष इराकातील करबला येथे नेऊन दफन करण्यात आले. ही शिया समाजातील सश्रद्ध रीत होती, तेव्हा तिच्यावरून नगरविषयी त्याच्या मनात दुरावा होता, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पण जिवंतपणी बंद झालेली मायदेशाकडची वाट निदान मृत्यूनंतर उघडी होती, ही गोष्ट आफाकी आणि हबशी यांच्यातील अंतर समजण्यास उपयोगी पडते.

इतर आफाकींत कारागीर, कवी, इतिहासकार व शिपाई असे नाना प्रकारचे लोक होते. विजापूरच्या तटावरील प्रसिद्ध ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ मुळात अहमदनगरची. महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने ती १५४९ मध्ये येथे ओतली. तिचे वजन सु. ५५ टन आहे. खोरासानातील तुर्शीझचा कवी जहूरी याने आपले साकीनामा हे काव्य दुसऱ्या बुऱ्हाणला (कार. १५९१–९५) अर्पण केले आणि त्याच सुलतानाच्या आश्रयाने सय्यद अली तबातबा याने बुर्हान-इ-मआसिर हा निजामशाहीचा इतिहास रचला. यूरोपीयही तुरळक आढळतात. गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाणच्या उपचारासाठी येत असे. त्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या ग्रंथात सांचो पिरिश नावाच्या पोर्तुगीज गोलंदाजाची हकीकत आहे. हा निजामशाहाचा मर्जीतला माणूस बनून ‘फिरंगीखान’ म्हणवू लागला होता. बाहेरून तो मुसलमान झाला होता, तरी अंतर्यामी आपण ख्रिस्तीच आहोत, असे तो ओर्ताला सांगे. स्वतः ओर्ता ज्यू वंशातील असून धर्मन्यायपीठाच्या भयाखाली जगत होता. तेव्हा या दोघांच्या संभाषणात एकमेकांस न सांगता समजलेले बरेच काही असावे.

हबशांची गोष्ट वेगळी होती. आफाकी बहुधा आपल्या पायांनी चालत आला, हबशी विकला जाऊन आला. लहानपणीच मातापित्यांपासून तुटलेली ही मुले तांबड्या समुद्राच्या बाजारांतून हातोहात विकली जात. वाटेत त्यांचे नाव, धर्म व भाषा बदले. दख्खनमध्ये त्यांना मुख्यतः लष्करी कामासाठी विकत घेत. धन्याचे घर हेच त्यांचे घर आणि धन्याचे अन्य गुलाम हेच त्यांचे भाऊबंद होत. धनी मेल्यावर पुष्कळदा त्यांना स्वातंत्र्य मिळे आणि ते स्वतःच्या तलवारीवर नोकरी शोधीत. परतण्यासारखे गाव उरलेले नसल्यामुळे त्यांनी येथेच सोयरिकी केल्या आणि देशी सरदारांशी संधान बांधले. या समरसतेचे कौतुक करताना तिच्या मुळाशी असलेली गुलामगिरी नजरेआड करता कामा नये.

आफाकींचे येथील स्थान किती तकलादू होते, ते १५८९ मध्ये उघड झाले. आदल्या वर्षी मीरान हुसैन याने आपला पिता मुर्तझा (कार. १५६५–८८) याचा वध करून गादी घेतली होती. किल्ल्यात शिरताना त्याला पहाऱ्यावर एक ओळखीचा तरुण दिसला. तो महंमद कासिम फिरिश्ता, पुढे प्रसिद्धीस आलेला इतिहासकार. फिरिश्ताचा पिता गुलाम अली हिंदूशाह हा कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादहून नगरला येऊन याच राजपुत्राचा फार्सीचा शिक्षक झाला होता आणि थोड्याच काळात वारला होता. बाळपणीचा सोबती म्हणून मीरान हुसैनने फिरिश्ताला जीवदान दिले. पण नव्या सुलतानाचे त्याचा आफाकी मंत्री मिर्झाखान याच्याशी पटेना. मिर्झाखानाने त्याला कैद करून इस्माईल या अल्पवयी राजपुत्रास गादीवर बसविले. जमालखान या दक्षिणी सरदाराने लोकांना चेतवून किल्ल्यास वेढा घातला आणि आपला सुलतान दाखवा, अशी मागणी केली. तेव्हा मिर्झाखानाने मीरान हुसैनचे शिर कापून लोकांपुढे टाकविले. मग जमावाने दरवाजा जाळला. मिर्झाखान जुन्नरकडे पळाला, पण पकडला जाऊन मारला गेला. त्याच्या अपराधाची शिक्षा साऱ्या परदेशीयांना भोगावी लागली. सात दिवसांत सुमारे एक हजार आफाकी मारले गेले, असे फिरिश्ता लिहितो. तो स्वतः त्याच वर्गातील असल्याने हा आकडा जपूनच घ्यावयास हवा. परंतु कत्तल मोठी होती, याविषयी शंका नाही. काहींना हबशी व दक्षिणी सरदारांनी आश्रय देऊन वाचविले. वाचलेल्यांपैकी पुष्कळांना हद्दपार करण्यात आले. फिरिश्ताही त्या वर्षाच्या अखेरीस विजापुरास गेला आणि नगरच्या या दिवसांची हकीकत त्याने तेथे बसून लिहिली.

आफाकींना जाण्यासाठी विजापूर होते, गोवळकोंडा होता, मोगल दरबारही होता. फार्सी भाषा व शास्त्रविद्या यांना सर्वत्र मान असल्याने एका दरबारातून उठून दुसऱ्यात बसणे त्यांना शक्य होते. जहूरीही पुढे विजापुरासच गेला. हीच सोय त्यांना नगरात परके ठेवण्यास कारण झाली, असे दिसते. मात्र आफाकी गेल्याने राज्यात ऐक्य झाले नाही. १५९५ मध्ये गादीच्या वारसावरून दक्षिणी व हबशी सरदारच आपसांत भिडले आणि दक्षिण्यांचा प्रमुख मियाँ मंजू याने मोगलांना मदतीस बोलाविले. हबशी हे ‘आपले’ ठरण्यालाही मर्यादा होती. चांदबीबीच्या पराक्रमाने वाचलेला किल्ला अखेर १६०० मध्ये अकबराच्या हाती पडला.

त्यानंतरच्या पाव शतकात निजामशाही तगविणारा मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) हा ॲबिसिनियात जन्मलेला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगतात. मोखा व बगदाद येथे विकला जाऊन तो दक्षिणेत आला आणि मुर्तझाचा वकील चंगीजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर स्वतंत्र झालेला अंबर काही काळ विजापूरच्या नोकरीत राहून परतला. १६०० नंतर त्याने परांडा येथे दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून आपली मुलगी त्याला दिली. त्याच्या फौजेचा कणा मराठी शिलेदार व बारगीर होते. मोठ्या फौजेशी समोरासमोर न भिडता तिची रसद तोडावयाची, ही पद्धत त्याने त्यांच्या बळावर यशस्वी केली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडी येथे तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. शहाजी भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामास आले. जहांगीर बादशहा आत्मचरित्रात अंबरला कधीच चांगल्या शब्दाने संबोधीत नाही. मात्र अंबरच्या मृत्यूची नोंद करताना मोगलांकडील इतिहासकाराला त्याच्या गुणांची कबुली द्यावी लागली.

रणांगणापेक्षाही अंबरची नाळ या भूमीशी जुळली ती जमीनमहसुलाच्या व्यवस्थेत. वसुलीचा इजारा देण्याची पद्धत त्याने मोडली, जमिनीची पाहणी करून प्रतवारी लावली आणि सरकारचा व्यवहार पाटलामार्फत थेट गावाशी जोडला. सरकारचा हिस्सा प्रारंभी पिकाच्या दोन-पंचमांश व पुढे रोख सुमारे एक-तृतीयांश होता, असे सांगितले जाते. मिरासी हक्कांना त्याने बळकटी दिली. राजधानीच्या दरबारात मान मिळविणारे परदेशी पुष्कळ झाले; गावच्या शिवारापर्यंत पोहोचलेला हा एकटाच म्हणता येईल. त्याचा ‘मलिकंबरी’ धारा निजामशाही बुडाल्यानंतरही महसुली कागदांत आधारासाठी उद्धृत होत असे. अंबर खुलदाबाद येथे दफन झाला. त्याची पत्नी करीमा हिची कबरही तेथेच आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले आणि शहाजींच्या अखेरच्या प्रयत्नांनंतर १६३६ मध्ये राज्य संपले.

आफाकींच्या वास्तव्याची खूण म्हणून अहमदनगरात बारा इमाम कोठला ही वास्तू आहे. बुऱ्हाणच्या काळी शिया विद्यापीठ म्हणून ती बांधली गेली. शहरात शिया वस्ती आता थोडी असली, तरी तेथील मोहरमच्या सवाऱ्यांत इतर मुसलमानांबरोबर हिंदूही भाग घेतात. हबशांची सत्ता कोकणात अधिक काळ टिकली. निजामशाहीच्या नोकरीतील हबशी अधिकाऱ्यांकडे असलेल्या जंजिऱ्याभोवती त्यांचे संस्थान उभे राहिले आणि ते १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत चालले. त्या संस्थानाच्या मुलखाला कोकणातील लोक ‘हबसाण’ म्हणत.