ऊसतोडीच्या साहित्याच्या अभ्यासाकडे : प्रस्तावना

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या भागांतली गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी संसार ट्रॉलीत घालून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतच. या स्थलांतरावर समाजशास्त्राने आणि अर्थशास्त्राने पुष्कळ लिहिले आहे. साहित्याच्या अभ्यासाने मात्र त्याला अजून हवा तितका वेळ दिलेला नाही. तो देऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वागत करताना मी त्याच्या हाती पहिले पुस्तक ठेवीन ते एका चिनी-अमेरिकन लेखिकेचे, मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचे ‘चायना मेन’.

किंग्स्टन यांचा जन्म 1940 चा, कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावचा. वडील चीनमध्ये शिक्षक होते. अमेरिकेत त्यांच्या वाट्याला धोबीकाम आले. आई चीनमध्ये वैद्यकी शिकलेली, तीही त्याच लाँड्रीत राबली. आई गोष्टी सांगायची, वडील गप्प राहायचे. आईच्या गोष्टींतून 1976 साली ‘द वुमन वॉरियर’ झाले आणि वडिलांच्या मौनातून 1980 साली ‘चायना मेन’. वडील अमेरिकेत नेमके कसे आले हे मुलीला कळत नाही, म्हणून ती त्या प्रवासाच्या एकाहून अधिक हकिगती रचते आणि त्या रचलेल्या आहेत हे लपवत नाही. स्थलांतरितांच्या घरातली माहिती अशी तुटकच हाती येते. तिच्यातल्या फटी बुजवायच्या नसतात, दाखवायच्या असतात, हे शिकावे तर या लेखिकेकडून.

त्या पुस्तकातले हवाई बेटांवरचे प्रकरण बीडच्या वाचकाने सावकाश वाचावे. करारावर नेलेल्या चिनी मजुरांची पहिली मोठी तुकडी हवाईला उतरली ती 1852 साली, उसाच्या मळ्यांसाठी. किंग्स्टन यांच्या कथेतले पणजोबा असेच रान तोडून ऊस लावायला गेलेले. कामाच्या वेळी बोलायला बंदी. पणजोबा मग खोकल्याच्या आडून शब्द बाहेर काढतात. पुढे एके दिवशी सगळे मजूर जमिनीत खड्डा खणतात, त्यात तोंड घालून गावाकडच्या माणसांना हाका मारतात, मनातले सगळे ओरडून सांगतात आणि तो खड्डा बुजवून टाकतात. उसाच्या मजुराचे बोलणे कुठे जाते, या प्रश्नाला साहित्याने दिलेले इतके थेट उत्तर माझ्या वाचनात दुसरे नाही.

त्याच पुस्तकाच्या मध्यावर आणखी एक धाडस आहे. कथा थांबवून लेखिका चिनी लोकांविरुद्धच्या अमेरिकी कायद्यांची जंत्री मांडते. मजुरांना देशात येण्यास बंदी घालणारा 1882 चा कायदाही तीत आहे. तिथे वर्णन नाही, अलंकार नाही. बीडवर लिहिणाऱ्याला ही रीत उपयोगी पडेल. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे आकडे कादंबरीत तसेच्या तसे उभे करता येतात. त्यांना रडवायची गरज नाही.

आपल्याकडची सामग्री थोडी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, सोळाव्या शतकात संतकवी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून ठेवले. ती पासोडी टिकली. मुकादमाच्या वहीतला उचलीचा हिशेब मात्र अभ्यासासाठी कुणी सांभाळत नाही. माझ्या मते तोही साहित्याच्या अभ्यासकाचा कागद आहे.

हवाईच्या आणि बीडच्या मजुरांतला फरकही विसरू नये. हवाईला गेलेल्यांतले अनेकजण परत फिरले नाहीत. बीडचा कामगार दरवर्षी परततो आणि दरवर्षी पुन्हा जातो. त्याची कथा एका मोठ्या प्रवासाची नाही, फेऱ्यांची आहे. तिला वेगळी घडण लागेल आणि ती इंग्रजी पुस्तकांतून उचलता येणार नाही. किंग्स्टन यांच्यावर फ्रँक चिन या चिनी-अमेरिकन लेखकाने कडक टीका केली, की त्यांनी जुन्या चिनी कथा मोडूनतोडून वापरल्या. मी किंग्स्टन यांच्या बाजूचा आहे, पण चिन यांचा प्रश्न टाळता येत नाही. आजीची हकिगत बदलण्याचा हक्क नातवाला किती? हंगामी वसतिगृहात राहून शिकलेली ऊसतोड मजुरांची मुले लिहू लागतील, तेव्हा तो प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहील.

या विषयावर प्रबंध लिहायला घेणाऱ्यांना एकच विनंती. ग्रंथालयात जाण्याआधी घरात जो कोणी फडावर राबला असेल त्याच्यापाशी बसा, त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत उतरून घ्या, आणि ते प्रमाण मराठीत सुधारू नका.