चिलखत आणि पिस्तुलाची गोळी

चिलखत हा शब्द मराठी माणसाला प्रतापगडापासून परिचयाचा आहे. परंतु १६५९ सालच्या त्या चिलखताला कट्यारीचा वार अडवायचा होता. पुढे बंदुका सुधारत गेल्या आणि लोखंडी चिलखत मागे पडले. गोळी थोपवील इतका जाड पत्रा अंगावर वागवून माणसाला धड चालताही येईना.

पोलादाला जे साधले नाही ते अखेर कापडाने साधले. अमेरिकेतील शिकागोचे महापौर कार्टर हॅरिसन यांचा १८९३ साली रिव्हॉल्व्हरने खून झाला. त्याच शहरातील कॅसिमिर झेग्लेन या पोलिश धर्मगुरूने रेशमाचे घट्ट थर रचून जाकीट बनवले आणि १८९७ साली त्याचे पेटंट घेतले. त्या काळच्या मंद गतीच्या गोळ्या ते अडवी. पण रेशीम पडले महाग. साध्या शिपायाला ते कसे परवडावे?

१९६५ साली ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या संशोधिका टायरसाठी मजबूत धागा शोधत होत्या. त्यांचे द्रावण इतके पातळ व गढूळ निघाले की, यंत्राची छिद्रे बुजतील या भीतीने सहकारी ते कातायलाच तयार होईना. त्याच संशोधनातून केवलार जन्माला आले. वजनास वजन धरले तर ते पोलादाच्या पाचपट बळकट! अमेरिकी न्याय खात्यातील लेस्टर शुबिन यांनी त्याची जाकिटे करवून घेतली आणि १९७५ मध्ये ती निरनिराळ्या शहरांतील पोलिसांना दिली. त्याच डिसेंबरात सिॲटल शहरात अशा जाकिटाने पहिला जीव वाचवला. तेव्हापासून वाचलेल्या अमेरिकी पोलिसांची संख्या ३ हजारांच्या वर गेली आहे.

यातले मर्म साधे आहे. गोळी आदळताच धागे ताणले जातात, तिचा जोर थराथरांतून पसरतो आणि ती चपटी होऊन अडकते. मात्र धक्का अंगाला बसतोच. चाचणीत जाकिटामागे मातीचा थर ठेवतात. त्यात ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडता कामा नये, असा अमेरिकी नियम. म्हणजे जीव वाचला तरी मोठा मुका मार बसतो, बरगडीही मोडू शकते.

आणि हे सारे पिस्तुलापुरते. पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने येते, एके-४७ ची सुमारे ७०० मीटरने. २००८ साली मुंबईत हल्लेखोरांच्या हाती एके-४७ होत्या. तिच्यापुढे नुसते कापड टिकत नाही. सिरॅमिकच्या किंवा पोलादी पाट्या घालाव्या लागतात. मान आणि काखेची बाजू तर बहुधा उघडीच राहते.

कापडही म्हातारे होते. झायलॉन नावाचा, केवलारहून बळकट धागा आला आणि जाकिटे पातळ झाली. परंतु २००३ साली पेनसिल्व्हेनियात, जी गोळी अडायला हवी होती तीच एका पोलिसाच्या जाकिटातून आरपार गेली. दमट हवेने तो धागा कमजोर होतो, असे तपासणीत निघाले, आणि २००५ साली सरकारने त्याची मान्यता काढून घेतली.

म्हणूनच ‘बुलेटप्रूफ’ हा शब्द फसवा आहे. जाकीट कोणत्या गोळीसाठी बनवले, किती वर्षांचे झाले आणि ते रोज अंगावर असते की खुंटीवर, एवढे विचारल्यावाचून त्याचा भरवसा धरू नये.