बंद श्वसनयंत्राचा कंदील

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील आत सोडून पाहण्याची आपल्याकडील रीत परिचित आहे. दिवा मालवला, की माणसाने उतरू नये. पाणबुड्याच्या बंद श्वसनयंत्रास असा कंदील नव्हता. त्याचा इतिहास या उणिवेचाच इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

इ. स. १८७८ मध्ये हेन्री फ्लूस या इंग्रजाने असे यंत्र सिद्ध केले. उच्छ्वासातील कर्बद्विप्राणिद वायू दाहक क्षाराने शोषावयाचा व खर्ची पडलेला प्राणवायू नळकांड्यातून पुरवावयाचा, ही त्याची युक्ती. १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट ते लेवून सेव्हर्न नदीखालील जलमय बोगद्यात शिरला व तेथील लोखंडी दार त्याने लावले. परंतु दाबाखाली प्राणवायूच विषवत् होतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच १८७८ साली ग्रंथरूपाने मांडले होते. पुढे १९५७ साली भारतवासी झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धात स्वतःच्या देहावर हा विषार अनुभवला.

आज यंत्रात प्राणवायूमापक असतात. तथापि प्राणवायू उणा पडला, तरी कर्बवायू शोषला जात असल्यामुळे जीव घुसमटत नाही. शुद्ध हरपते ती सूचनेवाचून. म्हणून मापकावरील अखंड दृष्टी हाच पाणबुड्याचा कंदील.