कापडाने न गाळता येणारं पाणी



आपण पाणी गाळून पितो आणि गाळण्यातले जीव जपून पुन्हा पाण्यात सोडतो. कम्प्युटरचा पाण्याशी काय संबंध, असं मात्र आपल्याला वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यात पूर्वी जर्दाळूच्या बागा होत्या. पुढे तिथे चिपचे कारखाने आले. ना चिमणी, ना धूर, म्हणून लोक त्याला स्वच्छ धंदा म्हणत. पण चिप धुवायला तीव्र रसायनं लागत आणि ती जमिनीखालच्या टाक्यांत साठवत. १९८१च्या अखेरीस सॅन होजे इथली फेअरचाइल्ड कंपनीची टाकी गळत असल्याचं उघड झालं. रसायन पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरलं होतं. तिथल्या लॉरेन रॉस या आईने शेजाऱ्यांना एकत्र करून जाब विचारला. मग तपास झाला, तेव्हा इतर कारखान्यांच्याही टाक्या गळक्या निघाल्या.

असं विष कापडाने गाळलं जात नाही. ते टाळायचं तर वस्तू घेतानाच विचार हवा. चालता फोन टाकून नवा घेणं हा अनर्थदंडच, गरजेविना घडलेली हिंसा. घरात नवा फोन घ्यायची गोष्ट निघाली, की आधी जुना दुरुस्त होतो का ते विचारूया.