थोराड पाठीची सॅक

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीला गेलेल्या माणसाचं खरं कष्टाचं काम जनावर पडल्यावर सुरू होतं. पूर्ण वाढलेला नर एल्क ३०० किलोंच्या घरात भरतो. हाडं काढून टाकली तरी मांस ९०-१०० किलो निघतं, आणि ते डोंगरातून गाडीपर्यंत आणायला बहुतेकांकडे स्वतःच्या पाठीशिवाय दुसरं साधन नसतं. शिंगं तेवढी काढून घेऊन बाकी सोडून यायचं, हेही चालत नाही. खाण्याजोगं मांस रानात सडू देणं मोंटाना, कोलोरॅडो, अलास्का अशा राज्यांत गुन्हा आहे. म्हणजे एका खेपेला ३०-४० किलो पाठीवर घ्यायचे, अंधारात, वाट नसलेल्या उतारावरून, आणि उरलेल्या खेपांसाठी परत वर चढायचं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा सगळा प्रकार मराठी वाचकाला दूरचा वाटेल. पण सह्याद्रीत सॅक पाठीला लावून हिंडणारा प्रत्येक जण आज जो कमरपट्टा आवळतो, तो घडला त्यात शिकाऱ्यांचा हात मोठा आहे. सकाळी जवळजवळ रिकामी आणि संध्याकाळी अचानक माणसाच्या निम्म्या वजनाची होणारी सॅक फक्त त्यांनाच लागत होती. ओझं खांद्यावरून कमरेवर कसं उतरलं, याची ही कुळकथा. ती सांगताना एक गोष्ट सतत जाणवते: थोराड बांध्याच्या माणसाचा नंबर या कथेत फार उशिरा लागला.

सर्वांत जुना पूर्वज सापडला तो १९९१च्या सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरच्या बर्फात. ओट्झी या नावानं ओळखला जाणारा हा माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ बाणांचा भाता होता, अर्धवट तासलेलं धनुष्य होतं, आणि यू आकारात वाकवलेली हेझेलची लांब काठी व लार्च लाकडाच्या दोन फळ्या होत्या. बर्फावर चालायच्या साधनाचा तो भाग असावा असंही काही अभ्यासक म्हणतात, पण बहुतेकांच्या मते ती पाठीवर ओझं बांधायची चौकट होती. मला हेच पटतं. रानात हिंडणाऱ्या माणसाला ओझं पाठीपासून थोडं सुटं ठेवणारा ताठ सांगाडा लागतो, हे कळायला कारखाना लागत नाही. ओट्झी जेमतेम १६० सेंटिमीटर उंचीचा, अंगानं शेलाटा. त्याची चौकट त्यानं किंवा त्याच्या माणसांनी त्याच्याच पाठीवर बेतली असणार. माप चुकायचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला चौकट विकायला लागल्यावर.

१९०८ साली नॉर्वेत ओले बर्गन नावाचा माणूस शिकारीहून परतत होता. पाठीवरची पोतडी आकारहीन, आतलं सामान पाठीत रुतणारं. त्यानं ज्युनिपरची एक फांदी तोडली, आपल्या पाठीच्या बाकाला जुळेल अशी वाकवली आणि पोतडीला बांधली. पुढच्याच वर्षी त्यानं पोलादी चौकटीच्या सॅकचं पेटंट घेतलं. या सॅकनं पुढे युरोपातल्या सैन्यांत असं बस्तान बसवलं की ब्रिटिश सैनिक आजही मोठ्या सॅकला ‘बर्गन’च म्हणतो.

अटलांटिकपलीकडे हेच पुन्हा घडलं. १९२०च्या आसपास लॉइड नेल्सन अलास्कात फिरत असताना त्यानं एका आदिवासी माणसाकडून पाठीवरची चौकट उसनी घेतली. विलोच्या काठ्यांवर सीलचं कातडं ताणून बांधलेली. नेल्सननं कातड्याच्या जागी कॅनव्हास आणि काठ्यांच्या जागी तासलेलं लाकूड घातलं, १९२४मध्ये पेटंट मिळवलं, आणि ‘ट्रॅपर नेल्सन’ या नावानं ती चौकट विकली. पुढची काही दशकं वनखात्याचे कर्मचारी, शिकारी, सापळे लावणारे, सगळ्यांच्या पाठीवर ती होती. ताणलेला कॅनव्हास पाठीला लागायचा आणि लाकूड लागायचं नाही, एवढ्या एका सोयीवर ती चालली. वजन मात्र अजून खांद्यांवरच होतं.

खांद्यांवर वजन असणं म्हणजे काय, ते सैन्याच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. पट्टा काखेच्या वरच्या बाजूनं जातो तिथून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं जातं. जड सॅक तासन्‌तास वाहिली की त्या नसा दाबल्या जाऊन हात बधिर होतो, कधी उचलताच येत नाही. त्याला ‘रकसॅक पाल्सी’ असं नावच पडलं आहे. याउलट कमरेच्या हाडाची वरची कड रुंद आणि मजबूत, आणि तिथून वजन सरळ मांडीच्या हाडात आणि जमिनीत जातं.

हे कळलं कसं, त्याचा प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडतो. १९५१च्या सुमारास कॅलिफोर्नियातला सुतारकाम करणारा डिक केल्टी आपला मित्र क्ले शेरमन याच्याबरोबर सिएरा नेवाडाच्या डोंगरात हिंडत होता. दोघांच्या पाठीवर लाकडी चौकटी. चालता चालता शेरमननं आपल्या चौकटीची खालची दोन टोकं पँटच्या मागच्या खिशांत खुपसली. ओझं तेवढंच होतं, पण खांदे एकदम हलके झाले. चौकटीचा भार खिशांवर, खिशांचा पँटवर, आणि पँटचा कमरेवर. केल्टीनं हे पाहिलं आणि खिशांच्या जागी पट्टा आणला. १९५२मध्ये त्यानं ग्लेनडेलच्या आपल्या घरी विमानासाठी वापरतात तशा ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून चौकटी जोडायला सुरुवात केली. पिशव्या पत्नी नेना शिवायची. पहिल्या वर्षी त्यांनी २९ सॅका विकल्या, प्रत्येकी २४ डॉलरला. १९६३मध्ये अमेरिकेची पहिली एव्हरेस्ट मोहीम गेली तेव्हा तिच्या गिर्यारोहकांच्या पाठीवर केल्टीच्या सॅका होत्या.

त्याच १९५२ साली अमेरिकेच्या हवाई दलात एक अहवाल निघाला. सॅकशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही, पण मला तो याच कुळातला वाटतो. वैमानिकांची आसनं सरासरी मापावर बनवली जात. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकानं ४,०६३ वैमानिकांची घेतलेली मापं तपासली: उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा. या दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती? एकही नाही. दहापैकी कोणतीही तीनच मापं घेतली तरी चार टक्के माणसंसुद्धा बसेनात. सरासरी माणूस नावाचा कुणी नसतोच, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं, आणि हवाई दलानं आसनं मागेपुढे सरकवता येतील अशी करून घ्यायला सुरुवात केली. सॅक बनवणाऱ्यांना तिथवर यायला मात्र आणखी तीसेक वर्षं लागली.

मधल्या काळात ग्रेग लो यानं १९६७मध्ये चौकट सॅकच्या आत नेली, छातीवरचा आडवा पट्टा आणि खांद्यावरून सॅकच्या माथ्याला जाणारे भार ओढणारे पट्टे आणले. गिर्यारोहकांना ती फार मानवली, कारण कड्यावर बाहेरची चौकट अडकते. शिकारी बराच काळ बाहेरच्या चौकटीलाच धरून राहिले, कारण मांसाची मोठी तंगडी आतल्या चौकटीच्या पिशवीत नीट बसत नाही. मग मोंटानातल्या बोझमन गावात डाना ग्लीसननं १९८५मध्ये डाना डिझाइन आणि २००० साली रेने सिपेल-बेकरबरोबर मिस्ट्री रँच या सॅक कंपन्या सुरू केल्या. त्याच्या सॅकमध्ये खांद्यांचे पट्टे जोडणारं जू वर-खाली सरकवून पाठीच्या लांबीला जुळवता येतं. आसन सरकवण्याचीच ही कल्पना. कोलोरॅडोत पॅट्रिक स्मिथची किफारू ही कंपनी आली. आजच्या शिकारी सॅकमध्ये चौकट आणि पिशवी यांच्यामध्ये एक फट उघडते, मांस तिथे, पाठीच्या अगदी जवळ बांधतात. भार पाठीपासून जितका लांब, तितका तो माणसाला मागे खेचतो.

आता थोराड माणसाकडे येऊ. ‘थोराड’ या एका शब्दात निदान तीन वेगळी शरीरं असतात आणि दुकानदार तिघांनाही एकच मोठी सॅक दाखवतो. मोठी सॅक म्हणजे जास्त लिटर. तिनं पाठीचं काहीच भलं होत नाही.

पहिलं शरीर लांब पाठीचं. उंचीवरून पाठ कळत नाही. सहा फुटी माणसाचे पाय लांब आणि पाठ आखूड असू शकते. माप घ्यायचं ते असं: मान पुढे झुकवली की तिच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो. तिथे टेपचं टोक धरायला दुसरं माणूस लागतं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, अंगठे मागे, बोटं पुढे, हाडाची कड तळव्याला लागेल असे. अंगठ्यांना जोडणारी रेषा जिथे कण्याला छेदते तिथवर मोजायचं. २० इंचांच्या वर गेलं तर बहुतेक नेहमीच्या सॅका आखूड पडतात. चौकट खांद्याच्या वर थोडी उरली पाहिजे, तरच माथ्याकडचे पट्टे साधारण ४५ अंशांत वर जातात आणि खांद्यावरचा भार उचलतात. ते आडवे गेले तर नुसती शोभा. म्हणून काही कंपन्या आता २४ आणि २६ इंची चौकटी वेगवेगळ्या विकतात.

दुसरं शरीर रुंद खांद्यांचं. अरुंद जूचे पट्टे अशा माणसाच्या मानेवर चढतात आणि गळ्याची कातडी सोलतात. त्याला पट्टे एकमेकांपासून दूर लावलेलं जू हवं.

तिसरं, आणि सर्वांत दुर्लक्षित, पोट असलेलं शरीर. कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या कडेवर बसायला हवा, पण पोट पुढे आलं की तो पुढून खाली घसरतो, मागून वर निघतो, आणि सगळं वजन पुन्हा खांद्यांवर. पँटचं माप सांगून पट्टा घेतला तर तो चुकतोच; पँट पोटाखाली बांधतात आणि पट्टा हाडावर बसतो, तिथला घेर वेगळा. पट्ट्याची गादी हाडाच्या पुढच्या टोकाला वळसा घालून थोडी पुढे यायला हवी. ती हाडाच्या आधीच संपली की पुढची नुसती फीत ओटीपोटात रुतते. वरची आणि खालची कड वेगवेगळी आवळता येईल असा दुहेरी फितीचा पट्टा इथे फार उपयोगी: खालची घट्ट, वरची सैल, म्हणजे पट्टा पोटाखालून हाडाला धरतो आणि श्वास कोंडत नाही. आपल्याकडच्या दुकानांत पट्टा सॅकला शिवलेलाच येतो. माझ्या एका भारदस्त मित्राला दुकानात ऐकावं लागलं की ‘सगळ्यांना हेच बसतं’. बकल त्याच्या पोटावर लागतच नव्हतं.

शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं ओझं घ्या, हा सल्ला थोराड माणसानं बाजूला ठेवावा. ओझं उचलतात स्नायू, आणि भारी माणसाचे गुडघे आधीच एक ओझं वाहत असतात. उलट बाजूनं नेपाळच्या भारवाहकांकडे पाहावं. २००५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पुरुष भारवाहक सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं डोको नावाच्या टोपलीत घालून, कपाळावरच्या नाम्लो या पट्ट्यानं वाहत होते. त्यांच्याकडे कमरपट्टा नाही, पण लहानपणापासून घडलेली मान आहे. शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्यानं ते करून पाहू नये.

सॅक घ्यायचीच तर तिच्यात २० किलो वाळू भरून घालावी. आधी सगळे पट्टे सैल. मग कमरपट्टा, तो हाडावर बसवून घट्ट. त्यानंतर खांद्यांचे, फक्त टेकतील इतके. मग माथ्याचे, शेवटी छातीचा. आणि अर्धा तास जिने चढून-उतरावं. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात राहिली, कमरपट्टा घसरला नाही, तर सॅक त्या पाठीची. अर्ध्या तासात पट्टा दोनदा वर ओढावा लागला, तर चौकट कितीही नामांकित असो, दुसरा पट्टा मागावा. तो वेगळा मिळत नसेल तर दुसरी सॅक पाहावी.