गोल कोणी मोजले?

स्मरणिका समितीने आपल्या हॉकी संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर टाकलं, ते मी खेळाडू होतो म्हणून नव्हे. माझं अक्षर बरं होतं, म्हणून पीटीच्या सरांनी संघाची वही माझ्या हाती दिली होती. आठवी ते दहावी, म्हणजे 1981 ते 1984, आपली प्रत्येक मॅच मी तिच्यात लिहिली. दिवाळीच्या साफसफाईत ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. तारीख आहे, समोरचा संघ आहे, निकाल आहे. हाफटाइमला किती संत्री आणली आणि किती पैसे पडले, तेही पैशापैशाने आहे. गोल कोणी मारले, हे मात्र एकाही पानावर नाही.

हे लक्षात आलं ते आपल्या सेंटर फॉरवर्डच्या फोनमुळे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. पुढे तो कॉलेजकडून नागपूर विद्यापीठाच्या स्पर्धांतही खेळला. त्याची नात आता नागपुरात हॉकी खेळते, आणि आजोबा गोल मारायचे यावर तिचा विश्वास बसत नाही. "काबे, तुझ्या वहीत पाहून सांग ना, माझे किती गोल झाले होते?" मी म्हटलं, बघून सांगतो. बघितलं, आणि दोन आठवडे त्याला फोन केला नाही.

मग मी मोठ्या खेळाडूंचे गोल कोणी मोजले, हे शोधायला लागलो. शोधता शोधता आपल्याच वयाच्या माणसापाशी येऊन थांबलो. धनराज पिल्ले. जन्म 16 जुलै 1968, खडकीचा. आपल्या वर्गात सहज खपला असता. त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची देखभाल करत. आपल्याकडे दारूगोळ्याचा डेपो, तिकडे फॅक्टरी. क्वार्टर्समधलं जगणं तेच. घर तमिळ, पाच भाऊ, पैशाची ओढाताण. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ही पोरं कॉलनीच्या धुळीत खेळायची. आपल्याकडेही हॉकी डेपोतल्या पोरांनीच गावात आणली. गावातल्या आम्हा पोट्ट्यांना तोवर काठीचा उपयोग बोरं पाडण्यापुरताच माहीत होता.

थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळायचा. धनराज त्याच्यामागे मुंबईला गेला, पुढे महिंद्राच्या संघात आला आणि तिथे जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली घडला. डिसेंबर 1989 मध्ये दिल्लीच्या आशिया कपमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. शेवटचा खेळला 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला. मधल्या पंधरा वर्षांत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार एशियाड. तेवढं क्वचितच कोणाच्या वाट्याला येतं.

1998 चं बँकॉक एशियाड तुम्हाला आठवत असेल. 1966 नंतर पुरुषांच्या हॉकीचं सुवर्ण आपल्याला मिळालं नव्हतं. आपण नववीत असताना, 1982 ला दिल्लीत, पाकिस्तानने 7-1 असं हरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रॅक्टिसच घेतली नाही. बँकॉकला धनराज कर्णधार होता आणि स्पर्धेत सर्वाधिक गोलही त्याचेच. फायनलमध्ये कोरियाशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी स्ट्रोकवर आपण जिंकलो. त्यानंतर काही दिवसांतच धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळलं. विश्रांती दिली, असं सांगण्यात आलं. भत्त्याचं बोललो म्हणून काढलं, असं धनराजचं म्हणणं. मला धनराजचं पटतं. पण तो तोंडाने फटकळ होता, हेही खरं.

आता गोलांचं. 339 आंतरराष्ट्रीय सामने, असा आकडा सगळीकडे छापलेला दिसतो. गोल? "170 च्या वर", एवढंच. हा आकडासुद्धा त्याने स्वतः आणि एका आकडेतज्ज्ञाने जुळवलेला. गोलांची अधिकृत नोंदच आपल्याकडे कोणी ठेवली नव्हती. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासचे गोल 348, एकही इकडेतिकडे नाही. अब्बास पेनल्टी कॉर्नरचा बादशहा. धनराजचे गोल बहुतेक पळत जाऊन, दोघातिघांना चकवून मारलेले. शिवाय त्याच्या पासवर दुसऱ्यांनी मारले, ते कोण मोजणार?

त्याच्या आधीची गोष्टही वेगळी नाही. ध्यानचंदांनी 1928 च्या ॲमस्टरडॅमला पाच सामन्यांत 14 गोल केले, इथवर ठीक. पण 1936 च्या बर्लिनच्या फायनलमध्ये आपण जर्मनीला 8-1 ने हरवलं, त्यातले ध्यानचंदांचे किती? कोणी सहा म्हणतं, कोणी तीनच. एकूण गोल कुठे चारशेच्या वर, तर कुठे 570. ज्यांच्या जन्मदिवशी आपण राष्ट्रीय क्रीडा दिन पाळतो, त्यांचा हा हिशोब.

हे सगळं मी अखेर आपल्या सेंटर फॉरवर्डला फोनवर ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तू संत्री मोजलीस." यावर मला काही बोलता आलं नाही. धनराजच्या वेळी निदान पेपरवाले होते. आपल्या मॅचेसना बाकावर वही घेऊन बसलेला मी एकटाच होतो.

म्हणून संमेलनाच्या दिवशी ती वही नोंदणीच्या टेबलावर ठेवणार आहे. सोबत पेन्सिल. प्रत्येक मॅचखाली दोन ओळी कोऱ्या आहेत. ज्याला जो गोल आठवतो, त्याने तो मारणाऱ्याच्या नावासकट तिथे लिहावा. गोलकीपरनेही लिहावं, त्याला समोरच्यांनी मारलेले तरी आठवत असतील. अंदाजाने लिहायचं नाही. वर्ध्याच्या मैदानावर पावसात शेवटच्या मिनिटाला मारलेला गोल मी आधीच लिहून ठेवला आहे, त्याबद्दल भांडायला येऊ नये. सेंटर फॉरवर्डचे मला स्वतःला नक्की आठवतात ते अकरा.